अकोल्यातील अभ्यासिकेच्या गच्चीवरील ११ टनी वातानुकूलन यंत्र : देखभालीच्या नोंदी

१८ फेब्रुवारी

अकोल्यातील एका वाचनालयाच्या अभ्यासिकेचे गच्चीवरचे पॅकेज युनिट, म्हणजे सर्व भाग एकाच पेटीत असलेले वातानुकूलन यंत्र, या हंगामापासून आमच्याकडे देखभालीसाठी आले आहे. यंत्र ११ टनांचे (हे टन वजनाचे नव्हेत, थंड करण्याच्या क्षमतेचे) असून त्यात गॅस दाबणारे साडेपाच टनांचे दोन स्क्रोल कॉम्प्रेसर, दोन स्वतंत्र गॅस सर्किट, दोन कंडेन्सर पंखे (कंडेन्सर म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी कॉइल) आणि दोन्ही सर्किटसाठी मिळून पट्ट्यांवर चालणारा, हवा ढकलणारा एक ब्लोअर आहे. गॅस आर-४१०ए आहे. थंड हवा स्लॅबमधून खाली उतरणाऱ्या डक्टने सभागृहात जाते आणि त्याच बाजूच्या दुसऱ्या डक्टने परत वर येते.

ग्रंथपाल मॅडमनी सांगितलेली तक्रार अशी की, मागच्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते चारच्या दरम्यान यंत्र वारंवार ट्रिप होत असे (आपोआप बंद पडत असे) आणि प्रत्येक वेळी ‘गॅस कमी झाला आहे’ असे सांगून गॅस भरला जात असे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले सकाळी सातपासून येथे बसतात; त्यांतील बऱ्याच जणांच्या घरी दुपारी अभ्यास करता येईल अशी जागा नाही. त्यामुळे हे यंत्र मे महिन्यात बंद पडणे ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ गैरसोय नव्हे. फायलीत गॅसची बिले आहेत. परंतु त्या दिवशी दाब किती होता, कॉम्प्रेसर किती अँपिअर घेत होता, बाहेरचे तापमान किती होते आणि गॅस वजनाने किती भरला, यांपैकी एकही आकडा कोठे लिहिलेला नाही. ही वही त्यासाठीच सुरू करीत आहे.

पहिला निर्णय असा की, गॅसला सर्वांत शेवटी हात लावायचा. गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस हा उपाय नव्हे. शिवाय कंडेन्सर घाणीने बुजला, पट्टा सैल पडला किंवा फिल्टर भरला, तरीही खाली बसणाऱ्याला एवढेच जाणवते की गारवा कमी झाला आहे. आधी हवा, मग पाणी, मग वीज आणि त्यानंतर गॅस, या क्रमाने जायचे ठरले.

काहीही न उघडता घेतलेली आजची मोजमापे : बाहेर ३२ अंश, परत येणारी हवा २७ अंश, जाणारी हवा १४.५ अंश, पहिला कॉम्प्रेसर ९.८ अँपिअर, दुसरा ११.२ अँपिअर, ब्लोअरची मोटर ३.१ अँपिअर. सर्व ग्रिलवर वेगमापक धरून काढलेली एकूण हवा सुमारे ३,३०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) भरली. एका टनामागे ४०० सीएफएम या नेहमीच्या हिशेबाने ती ४,४०० च्या आसपास हवी. ग्रिलखाली हात धरला तर हवा अतिशय थंड लागते, त्यामुळे यंत्र उत्तम चालले आहे असा समज होतो; प्रत्यक्षात कॉइलवरून हवा कमी जाते म्हणून ती जास्त थंड होते, आणि सभागृहातून बाहेर काढली जाणारी एकूण उष्णता मात्र घटलेली असते.

२० फेब्रुवारी

मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घातले, किल्ली स्वतःजवळ ठेवली, तिन्ही फेजवर वीज नसल्याची मीटरने खात्री केली आणि पंख्यांचे कॅपॅसिटर डिस्चार्ज केल्यानंतरच पत्रे उघडले.

कंडेन्सर कॉइलच्या बाहेरच्या अंगावर कापसाच्या तंतूंचा आणि धुळीचा थर घोंगडीसारखा बसला होता. अकोल्यात हे दरवर्षी होणारच. नोव्हेंबरपासून जिनिंग सुरू होते, तंतू वाऱ्यावर येतात आणि जेथे पंखा हवा आत ओढतो तेथे चिकटतात. हा थर थेट पाण्याने भिजवू नये, कारण ओले तंतू फिनच्या, म्हणजे कॉइलवरील पातळ पत्र्यांच्या, आत घट्ट रुततात आणि मग ते काढता काढता फिन मोडतात. म्हणून आधी कोरड्या मऊ ब्रशने, फिनच्या दिशेनेच, म्हणजे वरून खाली, थर सोलून काढला आणि उरलेले व्हॅक्युम क्लीनरने ओढले. त्यानंतर पंख्याचे वरचे झाकण काढून आतून बाहेर, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, बागेच्या साध्या नळीच्या जोराने पाणी मारले. गाडी धुण्याच्या पंपाचा जोर ॲल्युमिनियमच्या फिनना सोसत नाही. आम्लयुक्त क्लीनरही वापरला नाही. त्याने कॉइल पहिल्या दिवशी लखलखीत दिसते आणि फिनची मुळे मात्र खाल्ली जातात. सौम्य, कॉइलसाठीच बनवलेला क्लीनर पातळ करून मारला आणि स्वच्छ पाणी निथळेपर्यंत धुतले.

पाणी कोणते, हा मुद्दा अकोल्यात विशेष महत्त्वाचा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जातो आणि त्या भागातील भूजल खारे आहे. वाचनालयाच्या बोअरचे पाणीही खारट आहे. ते कॉइलवर वाळले की क्षार फिनच्या फटींत बसतात आणि ॲल्युमिनियम व तांबे जेथे एकमेकांना लागून आहेत तेथे गंज धरतो. म्हणून धुण्यासाठी नळाचे, काटेपूर्णा धरणातून येणारे पाणी टाकीत आधी साठवून घेतले होते. शहरात पाणी रोज येत नाही. धुण्याचा दिवस त्यानुसारच ठरवावा लागतो.

वाकलेल्या फिन कंगव्याने सरळ केल्या. पंख्यांच्या पात्यांवरचा थरही काढला, कारण असमान थरामुळे तोल जाऊन बेअरिंगवर भार येतो.

२१ फेब्रुवारी

ब्लोअरचे दोन्ही पट्टे घासून गुळगुळीत आणि चकचकीत झाले होते आणि हाताने सहज दबत होते. जोडीतील एकच पट्टा बदलल्यास नवा सगळा भार घेतो आणि जुना नुसता फिरतो, म्हणून दोन्ही एकदम बदलले. दोन्ही पुलींच्या कडांवरून ताणलेला दोरा धरून त्या एका रेषेत आणल्या. ताण देताना दोन पुलींमधील मोकळ्या पट्ट्याच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे १६ मि.मी. दबाव, हे माप धरले. येथे मोकळा पट्टा अर्ध्या मीटरचा असल्याने ८ मि.मी. ठेवला. नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा ताणला जातो, म्हणून तो पुन्हा पाहायचा आहे.

फिल्टर धुतले. त्यांतील दोन चौकटीत नीट बसत नव्हते आणि त्या फटीतून गेलेली धूळ कूलिंग कॉइलवर दिसत होती. चौकटीला नवी पट्टी लावली आणि कॉइल धुतली. यंत्र आणि डक्ट यांमधील कॅनव्हास उन्हाने फाटला होता, तोही बदलला.

हवा आता सुमारे ४,३०० सीएफएम आहे आणि ब्लोअरची मोटर ४.१ अँपिअर घेते. विजेचा प्रवाह वाढला म्हणजे काही बिघडले, अशी शंका शिपाईकाकांनी घेतली आणि ती स्वाभाविक आहे. परंतु या प्रकारच्या ब्लोअरमधून जितकी जास्त हवा जाते तितके मोटरला काम जास्त पडते. फिल्टर बुजला की अँपिअर उलट खाली येतात. म्हणून ब्लोअरचे अँपिअर ३.५ च्या खाली आले की आधी फिल्टर आणि मग पट्टे पाहावेत, असे पॅनेलच्या दारावर लिहून ठेवले.

ड्रेनचे काम मात्र वाटले त्यापेक्षा मोठे निघाले. ट्रेमधून निघालेला पाइप सरळ गच्चीवर सोडलेला होता. त्याला ट्रॅप, म्हणजे पाणी साठून हवेची वाट अडवणारे वळण, नव्हताच. या यंत्रात ब्लोअर हवेच्या वाटेवर कॉइलच्या नंतर आहे, त्यामुळे ट्रे असलेल्या कप्प्यात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो आणि उघड्या पाइपातून हवा आत ओढली जाते. ती हवा पाण्याला बाहेर पडू देत नाही, ट्रे भरत राहतो आणि पावसाळ्यात ते पाणी ब्लोअरकडे उडून डक्टमध्ये जाते. सभागृहाच्या छतावरचे डाग त्याचेच असावेत. गेल्या वर्षी गच्चीला डांबर लावण्याचा खर्च झाला, पण डाग राहिलेच.

पाण्याच्या यू-नळीने मोजता त्या कप्प्यातील दाब बाहेरच्यापेक्षा २८ मि.मी. पाण्याइतका कमी आढळला. ट्रेच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंतचा उतार हा या आकड्यात आणखी २५ मि.मी. मिळवून ठेवायचा असतो आणि ट्रॅपमधील पाण्याची उंची त्या उताराच्या निम्मी असावी लागते. फिल्टर भरले की ओढ वाढणार, हे गृहीत धरून उतार ७५ मि.मी. ठेवला. साफ करता यावे म्हणून वर काढता येणारे बूच बसवले आणि ट्रॅप पाण्याने भरला.

२४ फेब्रुवारी

विजेचे काम. सर्व टर्मिनल कसले. दुसऱ्या कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरचे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळून खडबडीत झाले होते, तो बदलला. एका कंडेन्सर पंख्याचा ६ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ४.७ दाखवत होता, म्हणजे तो पंखा मंद फिरत होता आणि मोटर तापत होती, तोही बदलला. कॉम्प्रेसरचे इन्शुलेशन मेगरने (इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासले, ते चांगले आहे. दुसऱ्या कॉम्प्रेसरचा क्रँककेस हीटर (तेल गरम ठेवणारा) जळालेला होता. तो नसला की बंद काळात द्रवरूप गॅस तेलात मुरतो आणि सकाळी चालू होताना तेल फेसाळून कॉम्प्रेसरबाहेर जाते. नवा हीटर लावला.

तीन फेजमधील व्होल्टेज ४२१, ४०९ आणि ४१६ आढळले. सरासरी ४१५.३ पासून सर्वांत मोठा फरक ६.३ व्होल्टचा, म्हणजे दीड टक्का आहे. हा फरक २ टक्क्यांच्या आत ठेवावा, कारण व्होल्टेजमधील थोडीशी तफावतही मोटरच्या गुंडाळ्यांची उष्णता त्याच्या कितीतरी पट वाढवते. वॉटर कूलर आणि संगणक एकाच फेजवर आहेत. ते वाटून घ्यावेत असे वाचनालयाच्या वायरमनला सांगितले.

२७ फेब्रुवारी

आज प्रथमच गेज लावले. बाहेर ३४ अंश.

पहिल्या सर्किटचा सक्शन दाब (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा) १३० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), म्हणजे ७ अंश संपृक्त तापमान (त्या दाबाला गॅस उकळण्याचे तापमान), आणि सक्शन नळी १३.५ अंश, म्हणून सुपरहीट (संपृक्त तापमानाच्या वरचे अंश) ६.५. डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) ३९१ पीएसआय, म्हणजे ४६ अंश, आणि द्रवाची नळी ३९.५ अंश, म्हणून सबकूलिंग (संपृक्त तापमानाच्या खालचे अंश) ६.५. यात हात लावण्यासारखे काहीही नाही. गेज काढले, पिनवर टोप्या घट्ट बसवल्या.

दुसऱ्या सर्किटचा डिस्चार्ज मात्र ४४६ पीएसआय होता, म्हणजे जवळजवळ ५२ अंश. द्रवाची नळी ३७ अंश, सबकूलिंग १५. कॉइल तीच, तशीच धुतलेली, हवा तीच, तरी सहा अंशांचा फरक. याची दोन कारणे संभवतात : गॅस जास्त आहे, किंवा गॅसबरोबर आत हवा शिरली आहे. गेजची नळी लावताना तिच्यातील हवा आधी बाहेर न काढल्यास ती आत जाते, आणि गेजवर दोन्ही दोष सारखेच दिसतात. फरक ओळखण्यासाठी कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर काढून ठेवला आणि कंडेन्सर पंखा चालू ठेवून कॉइल बाहेरच्या हवेच्या तापमानाला येऊ दिली. ३४ अंशांना आर-४१०ए चा दाब सुमारे २८७ पीएसआय असतो. आत हवा असती तर गेजने त्याहून बरेच जास्त दाखवले असते. गेजने २८८ दाखवले. म्हणजे आत हवा नाही, गॅसच जास्त आहे.

मागच्या उन्हाळ्याचा उलगडा यातून होतो, असे माझे मत आहे. बुजलेल्या कंडेन्सरमुळे दाब वाढून यंत्र ट्रिप होत होते. बंद पडल्याने गारवा कमी होत होता. त्यावर गॅस भरला की दाब आणखी वाढत होता आणि पुढची ट्रिप आणखी लवकर येत होती.

२८ फेब्रुवारी

नुसता जास्तीचा गॅस काढून थांबता आले असते. परंतु साबणाच्या पाण्याने तपासता दुसऱ्या सर्किटच्या सर्व्हिस पोर्टच्या पिनवर बारीक बुडबुडे दिसले, त्यावर टोपीही नव्हती, आणि आतल्या गॅसचा इतिहास कोणालाच ठाऊक नव्हता. म्हणून सर्व गॅस रिकव्हरी मशीनने वेगळ्या सिलिंडरमध्ये, ८० टक्क्यांच्या वर न भरता, काढून घेतला. वजन ५ किलो भरले. यंत्राच्या पाटीवर ४.१ किलो लिहिलेले आहे.

हा गॅस हवेत सोडून देण्याची सवय आपल्या धंद्यात अजून गेलेली नाही, आणि ती गेलीच पाहिजे. आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापमानवाढ घडवतो. या एका सर्किटमधील गॅस सोडला असता तर तो दहा टन कार्बन डाय-ऑक्साइड सोडण्यासारखा झाला असता. काढलेला गॅस शुद्धीकरणासाठी चिठ्ठी लावून वेगळा ठेवला आहे.

पिन बदलली, फिल्टर ड्रायर (गॅसमधील ओलावा शोषणारा) नवा बसवला. ब्रेझिंग (नळ्यांचे सांधे तापवून जोडणे) करताना नळीतून हळू नायट्रोजन सोडत राहिलो, म्हणजे आत काजळी धरत नाही. संध्याकाळी पाचला, ३४ अंशांना, ३०० पीएसआय नायट्रोजन भरून ठेवला.

१ मार्च

सकाळी सहाला गेज २८६ दाखवत होते आणि तापमान २० अंश होते. माझ्याबरोबरच्या शिकाऊ मुलाला वाटले की १४ पीएसआयची गळती आहे. त्याला हिशेब करून दाखवला, तो येथेही लिहितो. गेजच्या आकड्यात वातावरणाचा १४.७ मिळवला की ३१४.७ होतात; तापमान केल्व्हिनमध्ये ३०७ वरून २९३ वर आले; ३१४.७ ला २९३ ने गुणून ३०७ ने भागले की ३००.४ येतात, आणि त्यातून १४.७ वजा केले की २८५.७ उरतात. म्हणजे गळती नाही, रात्र थंड होती एवढेच. विदर्भात या दिवसांत दिवस-रात्रीचा फरक इतका असतो की, हा हिशेब न करणारा माणूस नसलेली गळती शोधत दिवस घालवील.

व्हॅक्युम पंपाचे तेल बदलून निर्वात करायला घेतले. मायक्रॉन गेजवर (आकडा जितका कमी तितके निर्वात चांगले) ५०० च्या खाली गेल्यावर पंप बंद करून वाट पाहिली. आकडा ६४० पर्यंत चढून तेथे स्थिर राहिला. चढतच राहिला असता तर गळती, दोन हजारांच्या आसपास जाऊन अडकला असता तर ओलावा. या गॅसबरोबरचे तेल हवेतील ओलावा फार चटकन शोषते, त्यामुळे ही पायरी घाईने उरकण्यासारखी नाही. निर्वात अवस्थेत कॉम्प्रेसरला वीज देऊ नये आणि मेगरही लावू नये.

नंतर काट्यावर ४.१ किलो नवा गॅस द्रवरूपातच भरला. तो आर-३२ आणि आर-१२५ यांचे समसमान वजनाचे मिश्रण असल्यामुळे सिलिंडरमधून द्रवच घ्यायचा असतो. रात्रभर क्रँककेस हीटर चालू ठेवला.

२ मार्च

बाहेर ३४ अंश. दुसरे सर्किट : डिस्चार्ज ३९३ पीएसआय, सबकूलिंग ७, सुपरहीट ६; प्रवाह ११.२ वरून ९.२ अँपिअरवर आला. पट्ट्यांना पुन्हा ताण दिला.

१६ एप्रिल

रस्त्याकडेच्या काटेसावरीची बोंडे फुटली आहेत आणि तिचा कापूस गच्चीभर उडतो आहे. जिनिंगच्या तंतूंपेक्षा तो लांब आणि हलका असल्याने वरवरच चिकटतो आणि कोरड्या ब्रशने निघतो. शिपाईकाका दर सोमवारी तो काढतात. फिल्टर पंधरा दिवसांनी धुतले जात आहेत आणि त्याची तारीख त्यांच्या हस्ताक्षरात वहीत आहे.

२२ मे

दुपारी तीनला बाहेर ४५ अंश. दोन्ही सर्किटचे डिस्चार्ज ५०५ पीएसआयच्या आसपास, म्हणजे ५७ अंश. कॉम्प्रेसर १२ अँपिअरच्या थोडे वर. हाय प्रेशर स्विच ६१० ला तोडतो, तेव्हा अंतर पुरेसे आहे. हंगामात एकही ट्रिप नाही.

सभागृहात २७ अंश आहेत आणि काही वाचकांना २४ हवे आहेत. यंत्राची ११ टनांची क्षमता बाहेरच्या ३५ अंशांवर मोजलेली असते. ४५ ला त्यातला साधारण दहावा भाग कमी होतो, आणि नेमकी त्याच वेळी भिंती व छप्पर सर्वांत जास्त तापलेले असतात. ग्रंथपाल मॅडमना हे तसेच स्पष्ट सांगितले. पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे लावून छताचे पंखे मंद चालवावेत, असे सुचवले. बाहेरची ताजी हवा बंद करण्याची सूचना मात्र मान्य केली नाही; इतकी मुले दिवसभर एका खोलीत बसतात, त्यांना जडपणा आणि झोप येऊ लागेल.

कंडेन्सरवर बोअरच्या पाण्याचा फवारा लावावा, अशीही मागणी आली. दाब त्याने लगेच खाली येईल, यात शंका नाही. पण खारपाणपट्ट्यातील पाणी तापलेल्या कॉइलवर दिवसभर वाळत राहिले तर फिनमध्ये क्षारांचा थर बसेल आणि तो ब्रशनेही निघणार नाही, पाण्यानेही नाही. कॉइल बदलण्याचा खर्च दाखवून फवारा नको असे लेखी दिले.

१७ जून

पहिला चांगला पाऊस झाला. कोरड्या उन्हाळ्यात येथील कूलिंग कॉइलवर पाणी जवळजवळ सुटतच नाही, त्यामुळे ट्रॅप उन्हाने वाळून रिकामा होतो, आणि हवेत ओलावा आला की तो नसल्यासारखाच असतो. म्हणून पाऊस येण्याआधीच तो भरून ठेवला होता. आज पाणी सलग धारेने बाहेर पडत आहे, ट्रे कोरडा आहे. हे काम दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, असे वेळापत्रकात घातले.

९ जुलै

छतावर नवे डाग नाहीत; जुन्यांवर रंग देण्यास हरकत नाही. डक्टच्या एका वळणावर इन्शुलेशनचे आवरण उन्हाने तडकून त्यात पाणी शिरले होते, तेवढा भाग बदलून वर पत्रा चढवला. ब्लोअरच्या बेअरिंगला ग्रीस दिले.

जिनिंगच्या हंगामासाठी कंडेन्सरसमोर काढता-घालता येणारी नायलॉनची जाळी ऑक्टोबरअखेर बसवायची आहे. जाळीसुद्धा हवेला अडवते, म्हणून तिच्यासह आणि तिच्याशिवाय डिस्चार्ज दाब मोजून, फरक १० पीएसआयच्या आत असला तरच ती ठेवायची, आणि मार्चअखेर काढून टाकायची.